स्क्रीनवर तो पर्यायच नाही

पुण्यात शिकायला आलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत तिघं, सामायिक मोरी आणि रात्री दहानंतर दिंडी दरवाजाला आतून कडी. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावरच राहायच्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. आमच्यातला कोण नापास झालाय, कोण उशिरा येतो, कुणाच्या घरून चिवडा आलाय, सगळं काकूंना ठाऊक असायचं.

दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि माझं तीन महिन्यांचं भाडं थकलं. मी जिन्यावरून पाय न वाजवता वर जायला शिकलो. एक दिवस काकूंनी गाठलंच. म्हणाल्या, "काय रे, तोंड लपवून कुठं चाललास? बाबांना बरं वाटू दे आधी. भाडं कुठं पळून चाललंय!" त्यानंतर मी पुन्हा पाय वाजवत वर जायला लागलो. ते भाडं पुढं पाच महिन्यांनी फेडलं. काकूंनी एक रुपयाही जास्त घेतला नाही.

त्याच वर्षी आमच्या खोलीतली एक कॉट रिकामी झाली. मी वर्गातल्या एका मित्राला घेऊन गेलो. काकूंनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर म्हणाल्या, "बघते, कळवते नंतर." कॉट पुढचे दोन महिने रिकामीच होती. मित्रानं मला काही विचारलं नाही. मीही काकूंना काही विचारलं नाही.

*

२०२२ मध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेलो आणि एका कंपनीकडून फ्लॅट घेतला. ही कंपनी मूळ मालकांकडून फ्लॅट घेते, त्यात पलंग, फ्रिज, वायफाय घालते आणि ॲपवरून भाड्यानं देते. मूळ मालक कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आधार कार्ड अपलोड केलं, पैसे भरले, कुलुपाचा कोड मोबाइलवर आला. गाव कुणी विचारलं नाही, आडनावाकडं कुणी बघितलं नाही. महिन्याभरानं माझा तोच मित्र बंगळुरूला आला आणि त्यालाही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घर मिळालं. किल्ली नाही, ब्रोकर नाही, "जेवणात काय चालतं तुम्हाला?" हा प्रश्न नाही. पहिल्या रात्री चहा पिताना तो म्हणाला, "घर बघताना घसा कोरडा पडला नाही, असं पहिल्यांदाच झालं."

मला तेव्हा खरंच वाटलं की हे बरं आहे. माणूस मधून गेला, त्याच्याबरोबर त्याचा कोतेपणाही गेला.

दीड वर्षानं मी घर सोडलं. कंपनीनं रंगकाम, सफाई आणि सामानाची झीज अशी तीन कारणं दाखवून डिपॉझिटमधले जवळपास अर्धे पैसे कापले. भिंतींवर मी खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. ॲपवर तक्रार टाकली. दोन दिवसांनी तिच्यापुढं हिरवी खूण आली, 'निराकरण झाले'. पुन्हा टाकली, पुन्हा हिरवी खूण. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडचा मुलगा माझ्याच वयाचा असावा. मी फोटो पाठवले, त्यानं ते बघितले, आणि अगदी नरमपणे म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असेल. पण कपात रद्द करायची तर माझ्या स्क्रीनवर तो पर्यायच नाही."

त्याच्यावर चिडावं असं काही त्यानं केलेलं नव्हतं. मग चिडायचं कुणावर?

*

मराठीत 'भीड' असा एक शब्द आहे. भीड म्हणजे कायदा नव्हे, करार नव्हे, भीती तर नव्हेच. समोर माणूस उभा आहे, उद्याही जिन्यात भेटणार आहे, एवढ्यामुळं काही गोष्टी करायला मन धजत नाही, ती भीड. काकूंना माझी भीड होती आणि मला काकूंची. म्हणून त्यांनी भाड्याचा तगादा लावला नाही, आणि म्हणून मी ते बुडवलं नाही.

कंपनीला भीड नसते. याचा अर्थ कंपनीतली माणसं दुष्ट असतात असा नाही. कपातीचा नियम कुणीतरी एका खोलीत बसून ठरवला, दुसऱ्या कुणीतरी तो सॉफ्टवेअरमध्ये घातला, तिसऱ्या कुणीतरी माझा फोन घेतला. ज्यानं ठरवलं त्याला माझं तोंड दिसत नाही. ज्याला माझं बोलणं ऐकू येतं त्याला काही ठरवता येत नाही. अन्याय होतो, पण तो करणारा कुणी सापडत नाही. हॅना आरेन्ट या विचारवंत बाईंनी नोकरशाहीबद्दल असंच काहीसं म्हटलं होतं. जिथं कुणाचंच राज्य नसतं तिथला जुलूम सर्वांत वाईट असू शकतो, कारण जाब विचारायला कुणी उरतच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे आता फक्त डिपॉझिटपुरतं राहिलेलं नाही. अमेरिकेत किती भाडं लावावं हे कंपन्यांना सुचवणारं सॉफ्टवेअर आहे. ते बनवणाऱ्या रिअलपेज या कंपनीवर तिथल्या न्याय विभागानं ऑगस्ट २०२४ मध्ये खटला भरला. आरोप असा की, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे घरमालक आपली आतली माहिती या सॉफ्टवेअरला देतात, आणि ते सगळ्यांना अशा शिफारशी करतं की स्पर्धाच मरते. कंपनीनं आरोप नाकारले. पण भाडेकरूच्या बाजूनं बघा. भाडं वाढलं म्हणून तो व्यवस्थापकाकडं जातो. व्यवस्थापक म्हणतो, आकडा सिस्टिमनं काढलाय. घासाघीस करायला समोर माणूस तर हवा!

*

मग मालक म्हणजे नक्की कोण? हा प्रश्न मला मोठ्या शहरांतल्या मोठ्या मालकांबद्दल वाचायला घेऊन गेला, आणि न्यूयॉर्कच्या एका वसाहतीपाशी मी अडकलो.

मॅनहॅटनच्या पूर्व बाजूला स्टायव्हेसंट टाउन आणि पीटर कूपर व्हिलेज ही जोडवसाहत आहे. ११,००० हून जास्त घरं. दुसऱ्या महायुद्धानंतर मेटलाइफ या विमा कंपनीनं ती बांधली आणि साठेक वर्षं सांभाळली. बऱ्याच घरांच्या भाड्यावर कायद्याचं नियंत्रण होतं, त्यामुळं शिक्षक, नर्स, पोलिस असे लोक तिथं राहू शकत. २००६ मध्ये टिशमन स्पेयर आणि ब्लॅकरॉक यांनी मिळून ही वसाहत ५४० कोटी डॉलरना विकत घेतली. अमेरिकेतल्या मालमत्तेचा तोवरचा सर्वांत मोठा सौदा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. यातली बहुतेक रक्कम कर्जाची होती आणि येणाऱ्या भाड्यातून त्या कर्जाचे हप्तेही सुटत नव्हते. हिशोब सरळ होता. जुने भाडेकरू जातील, घरं नियंत्रणातून सुटतील, भाडी वाढतील, मग हप्ते सुटतील. म्हणजे लोक घर सोडून जाणं हा या सौद्यातला अपघात नव्हता, ते त्याचं भांडवल होतं. तुम्ही इथं खरंच राहता का, अशी शंका घेणाऱ्या नोटिसा भाडेकरूंना जाऊ लागल्या. अनेक वर्षं तिथं राहिलेल्या माणसांनाही आपण इथंच राहतो याचे पुरावे गोळा करावे लागले.

आता यातला मालक शोधू. टिशमन स्पेयरचा स्वतःचा पैसा एकूण रकमेत थोडाच होता. गुंतवणूकदारांमध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड होता, फ्लोरिडाचा होता, सिंगापूर सरकारचा निधी होता, चर्च ऑफ इंग्लंडसुद्धा होतं. म्हणजे न्यूयॉर्कच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला घराबाहेर काढण्यावर जो परतावा मिळणार होता, तो कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या एखाद्या निवृत्त कारकुनाच्या पेन्शनमध्ये जाणार होता. त्या कारकुनाला हे माहीत नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. दोघांची गाठ पडली असती तर दोघांनी बहुधा एकमेकांना चहा पाजला असता.

हे वाचताना मला माझी एसआयपी आठवली. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून पैसे जातात. ते कुठल्या कंपनीत, आणि त्या कंपनीतून कुणाच्या घराच्या भाड्यात जातात, मी कधी बघितलं नाही. मला फक्त आकडा वाढलेला हवा असतो. थोडक्यात, माझ्या स्क्रीनवरही तो पर्याय नाही.

भाडेकरू मात्र गप्प बसले नाहीत. त्यांची जुनी संघटना होती. नवे मालक ज्या घरांचं भाडं बाजारभावानं घेत होते, त्यांतल्या हजारो घरांसाठी वसाहतीला शहराची करसवलत मिळत होती. सवलतही घ्यायची आणि नियंत्रणही झुगारायचं हे चालणार नाही, असं म्हणत काही भाडेकरू कोर्टात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तोवर मंदीही आलेली होती. जानेवारी २०१० मध्ये मालकांनी हात वर केले आणि वसाहत कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात गेली. कॅलिफोर्नियाच्या त्या पेन्शन फंडाचे ५० कोटी डॉलर बुडाले. पुढं तडजोड होऊन जास्त घेतलेल्या भाड्यापोटी भाडेकरूंना ६ कोटी ८७ लाख डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. २०१५ मध्ये वसाहत पुन्हा विकली गेली. या वेळी घेणारी होती ब्लॅकस्टोन, जगातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणूक कंपन्यांपैकी एक, आणि तिच्याबरोबर कॅनडातली एक कंपनी. तिच्यामागंही पेन्शनचाच पैसा. पण आता ५,००० घरं वीस वर्षं परवडणाऱ्या भाड्यात ठेवण्याची अट शहरानं घातली होती. ज्या मालकाला भीड नव्हती, त्याला निदान उत्तर द्यावं लागलं.

न्यूयॉर्कच्या लोकांनी हे उत्तर कोर्टात मागितलं, बर्लिनच्या लोकांनी मतपेटीत. बर्लिन हे भाडेकरूंचंच शहर आहे. २००४ मध्ये कर्जात बुडालेल्या या शहरानं आपली एक सरकारी गृहनिर्माण कंपनी ६५,००० च्या आसपास घरांसकट गुंतवणूकदारांना ४० कोटी ५० लाख युरोंना विकली. कंपनीवरचं कर्ज वेगळं. नंतरच्या वर्षांत भाडी चढत गेली. २६ सप्टेंबर २०२१ ला सार्वमत झालं. ज्या खासगी कंपन्यांकडं ३,००० हून जास्त घरं आहेत, त्यांची घरं भरपाई देऊन सार्वजनिक मालकीत घ्यावीत का, हा प्रश्न होता. ५९ टक्के लोकांनी, म्हणजे दहा लाखांहून जास्त मतदारांनी, हो म्हटलं. जर्मन राज्यघटनेच्या १५ व्या कलमात अशी सोय आहे, आणि शहराला तसा कायदा करता येईल असं तज्ज्ञांच्या समितीनंही २०२३ मध्ये सांगितलं. घरं मात्र अजून कंपन्यांकडंच आहेत.

आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं, भाड्याच्या वादांसाठी वेगळं प्राधिकरण असावं, असं त्यात आहे. पण राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो. तोवर अकरा महिन्यांचा करार आणि नशीब.

*

'करार वाचून सही केली होतीस ना?' असं मला एका सहकाऱ्यानं विचारलं. केली होती. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कंपनीनं मला फसवून घरात घातलं नव्हतं. दुसरा म्हणाला, 'तुझ्या काकूंपेक्षा कंपनी बरी, तुझ्या मित्राला घर तरी मिळालं.' यालाही माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. काकूंच्या ज्या डोळ्यांनी मला ओळखलं, त्याच डोळ्यांनी माझ्या मित्राला वगळलं. मला मिळालेली दया आणि त्याला मिळालेला नकार एकाच दारातून आले होते. तीन महिन्यांचं भाडं थकलं तेव्हा माझ्या मदतीला माझा चांगुलपणा आला की माझं आडनाव, हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून 'जुने घरमालक किती प्रेमळ होते' असं म्हणत मागं जाण्यात अर्थ नाही. दया ही मालकाच्या मर्जीवर असते, आणि मर्जी सगळ्यांना सारखी मिळत नाही. भाडेकरूला दया नको. त्याला उत्तर हवं. माझे पैसे का कापले, हे ज्याला ठरवता येतं आणि बदलता येतं अशा माणसानं मला सांगितलं पाहिजे. मग मी कुणीही असो. कंपनीनं आडनाव विचारणं थांबवलं हे चांगलंच केलं, पण त्याबरोबर तिनं ऐकणंही थांबवलं. यातली एक गोष्ट दुसरीची किंमत म्हणून मोजावी लागते, असं कुठल्या करारात लिहिलंय?

आणि इथं मला माझ्याबद्दलही सांगायला हवं.

माझ्यानंतर काही महिन्यांनी मित्रानंही घर सोडलं. त्याचेही पैसे कापले गेले. त्यानं इमारतीतल्या आजी-माजी भाडेकरूंचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. चाळीसेक जण जमले. सगळ्यांनी आपापल्या पावत्या टाकल्या तेव्हा दिसलं की प्रत्येकाच्या भिंती वेगळ्या, पण रंगकामाचा आकडा सगळ्यांचा सारखाच. म्हणजे भिंती कुणी बघितल्याच नव्हत्या. आम्ही एकत्र पत्र लिहिलं. आठवड्याभरात मला फोन आला. या वेळी बोलणाऱ्या बाईंना नाव होतं, हुद्दा होता, आणि त्यांच्या स्क्रीनवर पर्यायही होता. त्या म्हणाल्या, तुमची केस आम्ही अपवाद म्हणून बघतोय, पूर्ण रक्कम परत करू. फक्त तक्रार मिटल्याचं लिहून द्या आणि याची चर्चा कुठं करू नका.

मी लिहून दिलं. पैसे आले. ग्रुपमधून बाहेर पडलो. ग्रुपवर त्याची एक राखाडी ओळ उमटली असेल, एवढंच. मित्रानं मला काही विचारलं नाही.

*

स्टायव्हेसंट टाउनची आणखी एक गोष्ट आहे, त्या सौद्याच्या साठ वर्षं आधीची. ती मी या सगळ्यानंतर वाचली.

विमा कंपनीनं वसाहत बांधली तेव्हाच ठरवून टाकलं होतं की कृष्णवर्णीयांना इथं घर मिळणार नाही. म्हणजे आडनाव न विचारणारी कंपनी हीसुद्धा काही कंपनीपणाची जन्मजात देणगी नव्हे. काकूंनी जे जिन्यात केलं, ते या कंपनीनं धोरण म्हणून केलं. ली लॉर्च नावाचे गणिताचे एक तरुण प्राध्यापक तिथं भाडेकरू होते. युद्धावरून परतलेले, गोरे, म्हणजे त्यांना स्वतःला कसलाच त्रास नव्हता. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी भेदभावाविरुद्ध भाडेकरूंची समिती काढली. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधली त्यांची नोकरी गेली. पेनसिल्व्हेनियात दुसरी मिळाली. तिकडं जाताना त्यांनी आपलं घर रिकामं केलं नाही. एका कृष्णवर्णीय कुटुंबाला पाहुणे म्हणून तिथं राहायला बोलावलं. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातली नोकरीही गेली. पुढं कंपनीनं माघार घेतली आणि मोजक्या कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं द्यायला सुरुवात केली. त्या तडजोडीत लॉर्च कुटुंबाला मात्र घर सोडावं लागलं.

लॉर्च यांच्याएवढी किंमत मोजा, असं मी कुणाला सांगणार नाही. मला सांगण्याचा हक्कही नाही. पण एक गोष्ट या वाचनातून कळली. बिनचेहऱ्याच्या मालकाला भीड कधीच असणार नाही, ती त्याच्याकडून मागणंच चूक आहे. त्याला उत्तर द्यायला लावता येतं, पण ते कायद्यानं आणि संख्येनं. आणि ती संख्या टिकते ती भाडेकरूंना एकमेकांची भीड असेल तर. कंपनीला हे आपल्याआधी कळलेलं असतं. म्हणून ती चाळीस जणांना उत्तर देत नाही, एकाला फोन करते.

पुण्यात मला काकूंना एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला नाही, कारण माझं काम झालेलं होतं. बंगळुरूतही तेच झालं. दोन्ही वेळा मालक वेगळा होता. गप्प राहणारा मीच होतो.

मागच्या आठवड्यात मित्राला फोन केला. ग्रुप अजून आहे, सव्वीस जण उरलेत, ग्राहक मंचात जायचं चाललंय. मी म्हटलं, माझ्याकडं घर सोडतानाचे भिंतींचे फोटो आहेत, तारखेसकट. आणि कंपनीनं पूर्ण पैसे परत केल्याचा ईमेलही आहे. कपात रद्द करता येते, एवढं त्यातून सिद्ध होतं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू तर लिहून दिलंयस ना, बोलणार नाही म्हणून?"

"दिलंय," मी म्हटलं.

"मग?"

"पाठवतो. ग्रुपची लिंक दे."